कपाशीचं फूल आणि लाल ढेकण्या, हूफनागेलच्या रीतीनं

आमचं शेत पारोळ्याच्या रस्त्याला. दसऱ्याच्या सुमारास कपाशीवर थोडी फुलं असतात, खालची बोंडं फुटायला लागतात आणि त्यांवर लाल ढेकण्या जमतो. फूल नि कीटक एकाच पानावर काढायला मला हेच दिवस आवडतात.

कपाशीचं फूल सकाळी फिकट पिवळं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मिटतं. म्हणून रंग आधी. कागदाच्या कोपऱ्यात पाकळीशी जुळवून दोन ठिपके ठेवा, मगच पेन्सिल घ्या.

ढेकण्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि थोडा वेळ नुसतं बघा. दोन पंखांवर एकेक काळा ठिपका, पोटाखाली पांढरे पट्टे. सहाही पाय छातीतून निघतात. माझ्याकडची मुलं मागचे दोन हमखास पोटाला जोडतात. डिव्हायडरनं माप घेऊन जेवढ्यास तेवढा काढा.

योरिस हूफनागेल हा सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार. तो चर्मपत्रावर जलरंगानं काम करी, दाटपणासाठी पांढरा मिसळून. आपल्याला जाड हातकागद, साधे जलरंग आणि पांढरा पोस्टर कलर पुरतो. आधी पातळ लाल, तो वाळला की शून्य नंबरच्या ब्रशनं पट्टे.

आता सावली. इथं घाई करू नका. खिडकी डावीकडे ठेवा, सावली उजवीकडे खाली पडेल. काळा रंग नको, निळ्यात तपकिरी मिसळा. पाय कागदाला टेकतो तिथं सावली गडद आणि पायाला चिकटून. पोट अधांतरी, म्हणून त्याची जरा दूर आणि फिकट. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०५ साली शिंगांसारख्या जबड्यांचा भुंगेरा रंगवला, तो आजही कागदावरून चालत निघाल्यासारखा वाटतो, तो या सावलीमुळे.

चतुर या कीटकानं मात्र सुरुवात करू नका, त्याचे पंख रंगवणं अवघड. हूफनागेलनंसुद्धा एका पानावर चतुराचे खरेच पंख चिकटवले आहेत.

जमलं की देठाकडे या. बोच्काय या सुलेखनकारानं १५६१-६२ मध्ये लिहिलेल्या पोथीत हूफनागेलनं तीसेक वर्षांनी, सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी फुलं-कीटक रंगवले. त्यात एक देठ पानाला चीर पाडून खोवल्यासारखा दिसतो, आणि पान उलटलं की मागे त्याच देठाचा तुकडा रंगवलेला! कपाशीच्या देठाला हे छान साधतं. कागद खिडकीच्या काचेला धरा, चिरेची जागा मागून खुणवा आणि तिथं बोटभर देठ काढा, त्याच्या सावलीसकट.