डायलिसिसवाल्या घरात कोविड सांभाळताना

आमच्या ह्यांचं डायलिसिस मिरजेला. तासगावहून एसटीनं जाताना खिडकीकडची जागा धरा, एन-९५ मास्कची पट्टी नाकावर दाबून बसवा. युनिटमध्ये चार-चार तास पलंगाला पलंग लागून असतात. तिथं मास्क काढून डबा खाऊ नका, घरूनच खाऊन निघा.

घसा खवखवला, अंग कसकसलं तर आधी युनिटला फोन करा, म्हणजे त्यांना वेगळी सोय बघता येते. पण डायलिसिस चुकवू नका. छातीत पाणी साठूनही धाप लागते, आणि ती कोविडची की पाण्याची हे घरी कळत नाही. शेजारपाजारचे मायेनं काढा, शहाळं आणतात. हात जोडून नको म्हणा. शहाळ्यातल्या पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडतात, आणि काढा प्यायलाच तर तोही दिवसाच्या मोजक्या पाण्यातच धरायचा.

माझ्या जावेच्या मुलाची किडनी बदललीय. अशांनी टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, मनानं बंद करू नये, अंगदुखीला आयबुप्रोफेन घेऊ नये. पॅक्सलोविड हे कोविडचं औषध कुणी लिहून दिलं तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिली गोळीही नको; त्यानं रक्तातलं टॅक्रोलिमस धोकादायक वाढतं. लशीचा जोर या पेशंटांत कमी पडतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनीच ती घ्या.