वर्ष उलटलं तरी नोकरी नाही? शोधताना या चुका टाळा

नोकरी जाऊन वर्ष झालेली माणसं माझ्याकडे बायोडेटा घेऊन येतात. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, "काल सकाळपासून काय काय केलंत?" बहुतेकांना सांगता येत नाही. दिवस असा मोकळा सोडणं सगळ्यात महागात पडतं.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. लोकांच्या हाताशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं होतं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती.

चौदा महिने घरी असलेले एक गृहस्थ म्हणायचे, "दिवसभर अर्जच करतो." त्यांना आठवडाभर वहीत वेळ मांडायला लावला. खरं काम निघालं साडेतीन तास! बाकी वेळ तेच संकेतस्थळ पुन्हापुन्हा उघडण्यात गेला होता. याला आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अर्ज गेला की नकार येणार, या धास्तीनं त्यांचा हात अडत होता. मग वहीत एकच ओळ लिहिली: 'नाश्त्याची ताटली धुतली, की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून टेबलाशी बसायचं आणि एक अर्ज पुरा करायचा.' कधी, कुठे, काय हे असं आधी बांधून ठेवलं की काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. 'उद्यापासून जोर लावतो' म्हणून काही होत नाही.

एकच बायोडेटा शंभर ठिकाणी धाडू नका. तयार मजकूर चिकटवणाऱ्यांना घाई असते, पण जाहिरात दोनदा वाचल्याशिवाय मी कुणाला अर्ज लिहू देत नाही.

ओळखीच्यांना टाळू नका. आपण काम शोधतोय हे त्यांना कळलंच नाही, तर ते सुचवणार काय?

नकार आल्यावर काय करायचं, हे नकार आल्यावर ठरवायला बसणं ही दुसरी मोठी चूक. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. मिशिगन विद्यापीठात १९८०च्या दशकात बेरोजगारांसाठी 'जॉब्स' नावाचा कार्यक्रम आखला गेला. त्यात अपयशाला तोंड कसं द्यायचं, याची तयारी आधीच करून घेत. मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहायला लावते: नकाराच्या दिवशी कुणाला फोन करायचा, किती वेळ काम बंद ठेवायचं आणि पुढचा अर्ज कुठला. तिसरी जागा रिकामी असेल, तर त्या दिवशी आम्ही आधी तीच भरतो.