कुलूप भारी, पण बिजागरी बाहेरून उघडी

दुसऱ्याच्या तबेल्यात घोडा ठेवायचा म्हणजे खोगीर, लगाम आणि दाणा एकाच सामायिक खोलीत राहतो. तिथे आधी कुलूप नाही, बिजागरी बघा. कडी-कोयंड्याचे आणि बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर चोराला कुलपाला हातही लावावा लागत नाही, पेचकस पुरतो. त्या जागी आरपार बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला. खोगिराच्या पाखेखाली (बाजूला लोंबणाऱ्या चामड्याच्या पदराखाली) स्वतःची खूण ठोका आणि अनुक्रमांकासह फोटो काढून ठेवा. चोरीचा माल सापडला तरी ‘हे माझंच’ हे सिद्ध करणं खूणेशिवाय अवघड जातं.

चामडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती कापड पांघरा.

दाण्याला कुलूप मात्र चोरापेक्षा घोड्यासाठी लागतं! रात्री सुटलेला घोडा पिंपात तोंड घालून पोटभर खातो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जास्तीच्या दाण्याने पोटशूळ किंवा खुरांचा दाह होऊ शकतो, आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात. तसं झालंच तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याला फोन करा. पिंप पत्र्याचं, घट्ट झाकणाचं घ्या. प्लास्टिक उंदीर कुरतडतात. जुन्या दाण्यावर नवा ओतू नका, तळाचा संपवून पिंप पुसून मगच भरा. गवताचे गठ्ठे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब.