एरर १०६४ : चूक शोधताना या चुका टाळा

एप्रिल महिना, देवगड. आंब्याची गाडी भरून उभी, वाशीला निघायची घाई, आणि बिल काही निघत नाही. स्क्रीनवर नुसता १०६४, म्हणजे डेटाबेसला लिहून दिलेली सूचना (क्वेरी) लिहिण्यात चुकलीय. इथल्या काही बागायतदारांचा पेट्यांचा हिशेब मी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामवर सांभाळतो. अशा वेळी फोन येतो तो एकाच वाक्याने : "दादा, सकाळपर्यंत चालत होतं ओ!"

पहिली चूक म्हणजे एरर न वाचताच क्वेरी इकडून तिकडून बदलत बसणं. त्या मेसेजमध्ये 'निअर' या शब्दापुढे क्वेरीचा एक तुकडा दिलेला असतो. सर्व्हर अडखळला तो तिथे. चूक मात्र बहुतेक वेळा त्याच्या जरा अलीकडे असते. 'सिलेक्ट गाव, डझन, फ्रॉम विक्री' असं लिहिलंत तर तो फ्रॉमकडे बोट दाखवेल. फ्रॉम बिचारा बरोबर आहे, त्याच्या आधीचा स्वल्पविराम जास्तीचा आहे. निअरपुढे काहीच नसेल, तर क्वेरी संपली तरी सर्व्हर वाट बघतोय असं समजा. आधी कंस मोजा.

जास्तीच्या स्वल्पविरामापेक्षा राहून गेलेला जास्त छळतो. 'सिलेक्ट गाव डझन फ्रॉम विक्री' याला एरर येतच नाही! सर्व्हर 'डझन' हे 'गाव' या कॉलमचं टोपणनाव धरतो आणि डझनच्या मथळ्याखाली जामसंडे, कुणकेश्वर अशी गावं छापून देतो. हा कागद मी स्वतः हातात धरलाय.

टेबलाला 'ऑर्डर' नाव देऊ नका. आंब्याच्या धंद्यात तेच नाव आधी सुचतं, पण क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलचा तो राखीव शब्द आहे. 'ग्रुप'चंही तेच. दिलंच असेल तर मायएसक्यूएलमध्ये बॅकटिकमध्ये (`) घाला, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दुहेरी अवतरणात. 'सकाळपर्यंत चालत होतं' हेही कधी कधी खरं असतं. आमच्याकडे प्रतवारीच्या कॉलमचं नाव 'रँक' होतं. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीवर वर्षानुवर्षं सुरळीत, सर्व्हर ८.० वर नेला त्या दिवशी १०६४. ८.० मध्ये रँक राखीव झाला. नाव बदलून 'प्रत' केलं, प्रश्न मिटला.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे मराठी कीबोर्ड. दर ५०० पेक्षा जास्त हवा म्हणून देवनागरी ५०० टाइप केलं, की सर्व्हर त्या नावाचा कॉलम शोधायला लागतो. मग १०६४ नाही, १०५४ येतो : कॉलम सापडत नाही. वर्डमधून चिकटवलेल्या वळणदार अवतरणचिन्हांचंही असंच. क्वेरी साध्या नोटपॅडमध्ये लिहा आणि आकडे इंग्रजी ठेवा.

क्वेरीतल्या भागांचा क्रम ठरलेला आहे : व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, ऑर्डर बाय, लिमिट. 'काउंट' हा शब्द आणि त्यापुढचा कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका, मायएसक्यूएलला ती सहसा चालत नाही.

राहिलं डिसोझा आडनाव. इंग्रजीत त्यात डीनंतर वर एकेरी अवतरणचिन्ह (') येतं आणि सर्व्हरला वाटतं नाव तिथेच संपलं. वेंगुर्ल्यापासून वसईपर्यंत हे आडनाव भेटणारच. हाताने लिहीत असाल तर ते चिन्ह दोनदा द्या. प्रोग्राममधून क्वेरी जात असेल तर नाव क्वेरीत जोडूच नका, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळं पाठवा. नाहीतर एररपेक्षा मोठं संकट उभं राहतं : त्याच फटीतून कुणीही स्वतःची कमांड आत घुसवू शकतो आणि अख्खं टेबल पुसू शकतो.