स्पॅनिशचा साधा भूतकाळ : या चुका टाळा

दुसऱ्या आठवड्यातच 'फुई', 'तुवे' ही अनियमित रूपं शिकवा म्हणणारे प्रत्येक बॅचला असतात. आधी नियमित क्रियापदं न अडखळता म्हणून दाखवा, मग बघू.

सगळ्यात महागात पडतो तो चुकीच्या जागी दिलेला जोर. 'पागार' म्हणजे पैसे भरणं. 'पागो'मध्ये 'पा'वर जोर दिला तर 'मी भरतो', 'गो'वर दिला तर 'त्याने भरले'. स्पॅनिशमध्ये कर्ता सहसा गाळतात, म्हणजे कोणी आणि कधी हे दोन्ही त्या शेवटच्या स्वरावरून कळणार. माझी एक विद्यार्थिनी पुण्यातल्या कंपनीत वसुलीचं काम बघायची. मेक्सिकोहून फोन आला, ग्राहकाने पैसे भरले का? हिने उत्तर दिलं, 'पागो एल लुनेस', जोर 'पा'वर. म्हणजे 'मी सोमवारी भरते'! वाक्य व्याकरणाने बिनचूक, त्यामुळे समोरच्यालाही चूक वाटेना. तो विचारतोय, तुम्ही कशाला भरताय?

लिहिताना हा जोर 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ देऊन दाखवतात. मोबाइलवर ती रेघ द्यायचा कंटाळा करणाऱ्यांचा गृहपाठ मी परत पाठवते. वर्गात 'मी' आणि 'तो'चं रूप म्हणताना शेवटच्या स्वराला बाकावर थाप मारायची. शेजारच्या वर्गातून तक्रार येते, येऊ दे.

दुसरी खोड पाढे म्हणण्याची. 'पागार'सारख्या 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांचे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते असे सहा प्रत्यय, 'ए, आस्ते, ओ, आमोस, आस्तेइस, आरोन', घडाघडा येतात. 'ते बोलले' विचारलं की गाडी पुन्हा 'ए'पासून. चिठ्ठ्या करा, उलटसुलट विचारून घ्या. 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्या क्रियापदांचे प्रत्यय एकच आहेत, म्हणजे संच दोनच. एवढ्यासाठी ॲप कशाला लागतं?

आपण 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली' म्हणतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'कोमी'च, म्हणजे 'मी खाल्लं', बोलणारा पुरुष असो की बाई.

'आब्लामोस', म्हणजे 'आम्ही बोललो', वर्तमानकाळातही तसंच असतं, तेव्हा सोबत 'आयेर', म्हणजे काल, जोडा. 'एर'वाल्यांत मात्र 'कोमेमोस'चं (आम्ही खातो) 'कोमिमोस' (आम्ही खाल्लं) होतं. 'तू'च्या रूपाला शेवटी 'स' लावू नका. बोलताना स्पॅनिश लोकही लावतात, पण परीक्षेत ती चूकच. 'पेन्सार'चं, म्हणजे विचार करण्याचं, वर्तमानात 'पिएन्सो' झालं तरी इथे साधं 'पेन्से'.

'तोकार'चं (स्पर्श करणं) 'मी'चं रूप 'तोके' लिहिताना सी जाऊन क्यू-यू येतात, नाहीतर ते 'तोसे' वाचलं जाईल. 'पागे'मध्ये जीनंतर यू. हे फक्त 'मी'च्या रूपात; उरलेल्या पाचांत स्पेलिंगला हात लावायचा नाही.