नवा पदार्थ आधी ताटाच्या कडेला

मूल नवा पदार्थ बघून तोंड फिरवतं, तेव्हा ते दरवेळी हट्टच करत असतं असं नाही. साधारण २ ते ६ वर्षांच्या बऱ्याच मुलांना अनोळखी चवीची धास्तीच वाटते. म्हणून पहिल्या दिवशी खाण्याची अपेक्षाच ठेवू नका. त्याच्या आवडीच्या जेवणाशेजारी नव्या पदार्थाचा वाटाण्याएवढा घास ठेवा आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नका. हुंगलं, बोटाने दाबून पाहिलं, जिभेला लावून परत ठेवलं, तरी चालेल. ओळख अशीच होते. एखादी चव अंगवळणी पडायला ती ८-१० वेळा, कधी १५ वेळाही समोर यावी लागते आणि आपण तिसऱ्या-चौथ्या नकारालाच हात टेकतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेवढाच घास वाढा.

“हे संपव, मग गोड देते” हे मात्र कटाक्षाने टाळा. त्याने गोडाचं मोल वाढतं आणि भाजी शिक्षा ठरते. जेवणाआधी दीड-दोन तास दूध-बिस्किटं नकोत. भूक असली की हात आपसूक पुढे जातो. तुम्हीही तोच पदार्थ त्याच्यासमोर चवीने खा. जमलं तर वाढायचा चमचा त्याच्याच हाती द्या, थोडं सांडलं तरी.