स्टालिनकाळातला फोटो कसा बघावा

तीस वर्षं मी फोटो रिटच केले. ब्रश आणि ब्लेड घेऊन डाग, सुरकुत्या घालवायच्या. त्यामुळे त्या काळातला सोव्हिएत फोटो समोर आला की माझी नजर माणसांच्या आधी त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर जाते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

मॉस्को-व्होल्गा कालव्यावरचा प्रसिद्ध फोटो घ्या. स्टालिनचे सहकारी व्होरोशिलोव्ह आणि मोलोटोव्ह, स्वतः स्टालिन आणि उजव्या कडेला बुटका निकोलाय येझोव्ह, गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९३७-३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ माणसांना मृत्युदंड दिल्याची त्यांच्याच दप्तरातली नोंद आहे. १९४० च्या फेब्रुवारीत येझोव्हलाही गोळी घातली. नंतरच्या प्रतीत तो उभा होता तिथं नुसतं पाणी आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि स्टालिनच्या बाहीची कड भिंगातून बघा. कॅमेऱ्यानं टिपलेली कड किंचित विरलेली असते, ब्रशनं ओढलेली ठसठशीत दिसते.

मग पायऱ्या, कठडे, जमीन. ५ मे १९२० ला लेनिन मॉस्कोत लाकडी मंचावरून सैनिकांपुढे बोलला, बाजूला ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह होते, हे दोघे नेते पुढे स्टालिनचे विरोधक ठरले. पुढे छापलेल्या प्रतींत तिथं रिकाम्या पायऱ्या आहेत.

नेत्याचा चेहराही तपासा. स्टालिनच्या गालांवर देवीचे व्रण होते, छापील फोटोत गाल गुळगुळीत. हे काम माझ्या ओळखीचं आहे, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मीही ते केलंय. पण माझ्या ब्रशनं कुणाचं अस्तित्व पुसलं नव्हतं.

सर्वांत जास्त वेळ द्या तो खासगी प्रतींना. अलेक्झांडर रोडचेन्को या सोव्हिएत कलाकारानं १९३४ मध्ये उझबेकिस्तानवरच्या एका सचित्र ग्रंथाची मांडणी केली होती. त्यातले नेते पुढे ‘जनतेचे शत्रू’ ठरले, तेव्हा त्यानं स्वतःच्या प्रतीतले त्यांचे चेहरे शाईनं काळे केले. असा फोटो घरात सापडणं धोक्याचं होतं. इथं कड शोधावी लागत नाही. मागची भिंत रंगवून जागा भरण्याची खटपटही नाही. कोट, कॉलर, हात जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर काळा डाग. छापखान्यातला रिटचर वाचकाला फसवायला बसलेला असतो, हा माणूस जीव वाचवायला. दोन्ही खुणा एकाच वहीत, पण वेगळ्या रकान्यांत नोंदवा.

जुना सोव्हिएत ज्ञानकोश हाती आला तर पाचवा खंड उघडा. गुप्त पोलिसांचा नंतरचा प्रमुख बेरिया, त्याला १९५३ मध्ये गोळी घातल्यावर वर्गणीदारांना नवी पानं पाठवली होती. बेरियाची माहिती असलेली २१ ते २४ ही पानं कापून त्यांच्या जागी ती चिकटवायची, त्यांत बेरिंगच्या समुद्राचा मजकूर होता. पान वाचू नका, आधी शिवणीजवळ बोट फिरवून बघा, कापलेली पट्टी हाताला लागते का.